जुनी गाडी पहिल्यांदा ट्रॅकवर नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा-पंधरा वर्षं रस्त्यावर चाललेली गाडी घेऊन पहिल्यांदा ट्रॅकवर उतरणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. इथे शर्यतीचा विचार केलेला नाही. बंद ट्रॅकवर, शक्यतो शेजारी प्रशिक्षक बसवून, पंधरा-वीस मिनिटांच्या टप्प्यांत गाडी चालवायला शिकणं, एवढंच डोळ्यांसमोर आहे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: जुन्या गाडीला वेगवान करण्याच्या भानगडीत पडू नका, आधी तिला कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाच्या तब्येतीवर आणा. बहुतेक जुन्या गाड्यांच्या बाबतीत एवढी तयारी पुरते, आणि तीही वाटते तितकी लहान नसते.

माझी गाडी साधी आहे, ताकदही फारशी नाही. चालेल का?

चालेल, आणि शिकायला ती जास्त चांगली. हलक्या, कमी ताकदीच्या गाडीत सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग आवाक्यात राहतो, ब्रेकवर आणि टायरवर भार कमी येतो, आणि वळणात चुकीची रेषा पकडली की ती चूक लगेच कळते. ताकदवान गाडीत ती चूक पुढच्या सरळ पट्ट्यावर झाकली जाते. १९८९ साली आलेली पहिली माझदा एमएक्स-५ आजही नवशिक्यांची लाडकी आहे ती याचमुळे: १.६ लिटरचं इंजिन आणि हजार किलोंच्या आत वजन.

वयापेक्षा अवस्था महत्त्वाची. पण तीन बाबतींत मी स्पष्ट नाही म्हणेन. सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं तिथे गंज खोलवर गेला असेल तर ट्रॅक विसरा. उंच, अरुंद गाड्या अचानक दिशा बदलताना कलंडू शकतात, म्हणून बरेच आयोजक त्यांना घेतच नाहीत. आणि उघड्या छताच्या गाडीला मजबूत रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पोलादी कमान) नसेल, तर आधी तो बसवा, मगच नाव नोंदवा.

खर्च एकाच गोष्टीवर करता येणार असेल तर कशावर करू?

ब्रेक ऑइलवर. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम हेच आहे.

थोडा हिशेब करू. हजार किलोंची गाडी ताशी १२० किलोमीटरवरून ६० वर आणायची म्हणजे साधारण ४१७ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. २० अंशांचं सव्वा लिटर पाणी उकळीला यायला साधारण एवढीच उष्णता लागते. हे फक्त एका वळणाआधीचं. त्यातली थोडी हवेचा विरोध आणि इंजिन घेतात, बाकी सगळी डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) आणि तिला दोन्हीकडून दाबणाऱ्या पॅडमध्ये शिरते, त्यातही मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो. पुढच्या वळणापर्यंत डिस्क पूर्ण निवत नाही. प्रत्येक फेरीत उष्णता साठत जाते आणि पॅड दाबणाऱ्या पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते.

ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. ताजं डॉट ४ ऑइल (डॉट ही ब्रेक ऑइलची प्रतवारी) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. तीन-चार वर्षं न बदललेलं ऑइल रस्त्यावर काहीच तक्रार करत नाही. ट्रॅकवर मात्र ते उकळतं, पाइपात बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो म्हणून पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

ताजं, नवीन डबा फोडून घातलेलं चांगलं डॉट ४ नवशिक्याला पुरतं. उघडून ठेवलेल्या डब्यातलं नको. आणि डॉट ५ व डॉट ५.१ यांत गल्लत करू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते बाकीच्यांत मिसळत नाही आणि या कामाचंही नाही.

ऑइल बदलून ब्रेकची हवा घरी काढता येईल का?

ब्रेकचं काम आधी कुणाकडून शिकला असाल तर येईल. जुन्या गाडीत दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे कॅलिपरवरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावरचा) ब्लीडर निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू. तो वर्षानुवर्षं उघडलेला नसतो, गंजून बसलेला असतो, आणि जोर लावला की तुटतो. आदल्या रात्री त्यावर गंज सैल करणारं तेल मारून ठेवा, आणि पाना सहा बाजूंचा वापरा.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. रोजच्या वापरात पेडल अर्ध्या वाटेपर्यंतच जातं, त्यामुळे मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या नळकांड्याच्या) आतला पुढचा भाग वापराविना राहतो आणि तिथे गंजाचा, मळाचा थर बसतो. हवा काढताना कुणी पेडल थेट तळापर्यंत दाबलं की जुनी रबरी सील त्या खरखरीत भागावरून घासते आणि कापली जाते. म्हणून पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे ते तळाला जाणारच नाही.

पारदर्शक नळी निपलला लावा आणि नळीकडे बघत राहा. आधी काळपट तपकिरी ऑइल येतं, अधूनमधून बारीक बुडबुडे दिसतात, मग रंग उजळत जाऊन फिकट पिवळसर होतो. चारही चाकांना हा रंग येईपर्यंत थांबू नका, आणि वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका.

पॅड बदलावेच लागतील का?

जाडी निम्म्याहून कमी उरली असेल तर हो. पॅड जितका पातळ, तितकी उष्णता पिस्टनकडे लवकर जाते, आणि ट्रॅकच्या एका दिवसात पॅड किती झिजतो ते पाहून पहिल्यांदा सगळेच चकित होतात. पहिल्या दिवसासाठी चांगल्या प्रतीचे रस्त्यावरचे किंवा रस्ता आणि हलका ट्रॅक दोन्हीला चालणारे पॅड घ्या. शर्यतीचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत. ते लावून घरी परतणं धोक्याचं आहे.

नवे पॅड आधी रुळवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून काही वेळा बऱ्यापैकी ब्रेक मारा, पण पूर्ण थांबू नका, आणि नंतर बराच वेळ ब्रेक न लावता चालवून त्यांना निवू द्या. न रुळवलेला पॅड पहिल्यांदा खूप तापला की त्यातल्या रेझिनचा वायू होतो आणि पॅड व डिस्क यांच्यात त्याचा थर बसतो.

डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्या कडेवरच कोरलेली असते. ती मोजा. काठापर्यंत पोचलेली भेग दिसली तर डिस्क बदला. चाकांजवळचे रबरी ब्रेक होज वाकवून पाहा. वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या की त्यांचं आयुष्य संपलं.

ब्रेक कमी पडायला लागले आहेत हे गाडीत बसून कसं कळेल?

पायाला कळतं. पेडल मऊ, स्पंजासारखं लागलं आणि नेहमीपेक्षा खाली गेलं, तर ऑइल उकळतंय. पेडल घट्ट आहे, पाय जोरात दाबतोय, पण गाडी पूर्वीइतकी थांबत नाही, तर पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला आहे. दुसऱ्या प्रकारात बहुधा एक-दोन फेऱ्या सावकाश चालवल्यावर पकड परत येते. पहिल्या प्रकारात गाडी निवली, पेडल पुन्हा ठीक वाटलं, तरी ऑइल बदलल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नका.

पेडल मऊ झालं त्या क्षणी ते भराभर दोन-तीनदा मारा, थोडा दाब परत मिळतो. त्याच वेळी गिअर एकेक करत खाली आणा. आणि हे सुचायला वेळ मिळावा म्हणून पहिल्या दिवशी ब्रेक लवकर लावायची सवय ठेवा.

मोठ्या डिस्क, मोठे कॅलिपर?

नकोत. आधी वरचं सगळं करा.

टायर कोणते घ्यावेत? आहेत तेच चालतील का?

नक्षी शाबूत आणि वय कमी असेल तर आहेत तेच चालतील. जुन्या गाडीत नेमकी वयाचीच फसगत होते, कारण गाडी कमी फिरते, नक्षी भरपूर दिसते आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. टायरच्या कडेवर DOT या अक्षरांनंतरच्या रांगेत शेवटचे चार आकडे पाहा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर मी ट्रॅकवर नेणार नाही. कडेवर फुगवटा किंवा चीर असेल तर वय पाहायचीही गरज नाही.

ट्रॅकसाठीचे चिकट टायर पहिल्या वर्षी घेऊ नका. साधा टायर पकड सुटायच्या आधी किंचाळतो, हळूहळू घसरतो, शिकवतो. चिकट टायर जास्त वेगाला आणि अचानक सुटतो. शिवाय वाढलेल्या पकडीचा ताण जुन्या बेअरिंगवर, सांध्यांतल्या रबरी बुशवर आणि वळणात तेल एका बाजूला सरकणाऱ्या इंजिनावर येतो.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

सुरुवात गाडीच्या दारावर लिहिलेल्या आकड्यापासून करा आणि गरम टायरवर मोजत जा. आतली हवा ४० अंशांनी तापली तर ३० पीएसआय वाढून ३६ च्या आसपास जातं. सकाळी थंड टायरमध्ये बरोबर असलेली हवा दुपारी जास्त होते आणि गाडी घसरायला लागते, ती याचमुळे. ट्रॅकवरून आलात की लगेच, टायर निवायच्या आत मोजा आणि वहीत लिहून ठेवा.

हवा पुरेशी आहे का हे पाहायला खडू पुरतो. टायरच्या नक्षीच्या काठावरून कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढा, चारही टायरांवर. टप्पा संपल्यावर रेघ किती पुसली ते पाहा. बहुतेक टायरांच्या खांद्यावर छोटा त्रिकोण कोरलेला असतो; खडू साधारण त्या त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला तर ठीक. त्याच्या खाली, कडेवरही पुसला असेल तर टायर वळणात आडवा होतोय, हवा थोडी वाढवा. त्रिकोणाच्या बऱ्याच वर खडू शिल्लक असेल तर थोडी कमी करा. एका वेळी एक-दोन पीएसआय, त्याहून जास्त नको.

जुनी गाडी तापेल याची भीती वाटते.

भीती रास्त आहे. ट्रॅकवर इंजिन मिनिटामागून मिनिट भरपूर उष्णता बाहेर टाकत असतं, एवढा वेळ ते रस्त्यावर कधीच करत नाही. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण एक बारच्या आसपास दाब धरत असेल तर ही मर्यादा १२५ च्या पुढे जाते. म्हणजे झाकणाची म्हातारी रबरी चकती हा इथला कच्चा दुवा आहे. झाकण नवीन घ्या.

मग होज पाइप. इंजिन थंड असताना दाबून पाहा. कुरकुरीत लागला किंवा फुगलेला, लिबलिबीत लागला तर बदला. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्यांचा रंग उडून त्या तपकिरी पडल्या असतील आणि जोडावर सुकलेल्या कूलंटचे पांढरट-हिरवट डाग असतील, तर तो रेडिएटर ट्रॅकच्या दिवसाची वाट पाहतोय असं समजा. पंखा सुरू होतो का हे गाडी उभी ठेवून तपासा. परतल्यावर गाडी उभी राहते तेव्हाच त्याची खरी गरज असते.

काटा वर सरकू लागला तर हीटर पूर्ण गरम करून पंखा जोरात लावा, वेग कमी करा आणि पिटकडे (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे) या. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नका.

इंजिन ऑइलचं काय?

ताजं घाला, पुस्तिकेत दिलेल्या श्रेणींपैकी जाडसर बाजूचं, आणि पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर ठेवा. लांब वळणात तेल सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) एका बाजूला चढतं आणि ओढणारी नळी क्षणभर उघडी पडते. पातळी खालच्या खुणेवर असेल तर हे लवकर घडतं. जुनं इंजिन तेल खातंही, म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक पाहा. वळणात ऑइलचा दिवा नुसता लुकलुकला तरी पाय उचला आणि बाहेर या. बेअरिंग खराब व्हायला काही सेकंद पुरतात.

स्टिअरिंग आणि सस्पेन्शनमध्ये काय तपासू?

गाडी जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, आणि चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग डावी-उजवीकडून धरून हलवा. इथे प्ले असेल तर बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा सांधा. कुणाला तरी चाक हलवायला सांगून तुम्ही खाली टॉर्च घेऊन सांधा बघितलात तर नेमका कोणता ते दिसतं. यातलं काहीही सैल असेल तर ट्रॅक पुढे ढकला.

शॉकअपवर तेल ओघळलेलं, बुश फाटलेले, एक्सलचा रबरी बूट चिरलेला, हे सगळं याच वेळी दिसतं. बूट चिरला असेल तर त्यातलं ग्रीस फेकलं जाऊन तापलेल्या ब्रेकवर पडतं. इंजिनचे माउंटही पाहा. शेवटी अलाइनमेंट करून घ्या. पुढची चाकं कारखान्याच्या मर्यादेत वरच्या बाजूने जितकी आत कलती ठेवता येतील तितकी ठेवली, तर टायरचे बाहेरचे खांदे वाचतात.

चाकाचे नट?

टॉर्क रेंचनेच आवळा, समोरासमोरच्या क्रमाने, पुस्तिकेतल्या आकड्याला. छोट्या गाड्यांत तो बहुधा ९० ते १२० न्यूटन-मीटर असतो. दिवसभरात प्रत्येक टप्प्याआधी, चाकं निवल्यावर, पुन्हा तपासा. टॉर्क रेंच ही पहिली खरेदी असावी असं माझं मत आहे, हेल्मेटच्याही आधी, कारण हेल्मेट पुष्कळ ठिकाणी भाड्याने मिळतं.

चार पट्ट्यांचा बेल्ट लावू का?

मूळ सीटवर, मूळ बॉडीत, नाही. कंपनीचा तीन पट्ट्यांचा बेल्ट, सीट आणि एअरबॅग हे एकमेकांसाठी बनवलेले असतात. चार पट्ट्यांच्या बेल्टला मांड्यांमधली पट्टी नसते, त्यामुळे समोरून धडक बसली की कमरेचा पट्टा वर पोटावर चढतो आणि शरीर त्याखालून सरकतं. शिवाय गाडी उलटून छत खाली आलं तर तो तुम्हाला ताठ धरून ठेवतो. तो बेल्ट योग्य सीट, रोल बार आणि मान धरणारं उपकरण यांच्यासकटच घ्यायचा असतो. तोवर मूळ बेल्ट चांगला ओढून लॉक करा. बेल्टची जुनी पट्टी मात्र पूर्ण बाहेर ओढून पाहा. कडा उसवलेल्या असतील तर बदला.

मोटरसायकलचं हेल्मेट चालतं का?

आयोजकाला विचारा, काही जण चालवून घेतात. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या मानकांत एम मोटरसायकलसाठी आणि एसए मोटारीसाठी. एसए हेल्मेटचं अस्तर आगीला टिकणारं असतं आणि रोल केजवर (गाडीतल्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यावर) डोकं आपटण्याचीही चाचणी त्यात असते. विकत घेणार असाल तर एसएच घ्या.

गाडीतून काय काय काढू?

सुटं आहे ते सगळं. स्टेपनी, जॅक, पाने, छत्री, दाराच्या कप्प्यातली नाणी, डिकीतलं सामान, ड्रायव्हरकडची मॅट. पाण्याची बाटली विशेषतः: ब्रेक मारला की ती सीटखालून घरंगळत पुढे येते आणि पेडलमागे अडकते. बॅटरी हाताने हलवून पाहा. जुन्या गाड्यांत तिची पट्टी हरवलेली आणि बॅटरी नुसती ठेवलेली सापडते.

पेट्रोल निम्म्याहून थोडं जास्त ठेवा. कमी पेट्रोलवर वळणात पंप हवा ओढतो आणि इंजिन अडखळतं. पेट्रोलचे जुने रबरी पाइप मात्र वासावर सोडू नका, हात लावून आणि उजेडात पाहा. जरासाही ओलावा असेल तर गाडी उतरवायची नाही.

ईएससी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) बंद करावं का?

पहिल्या दिवशी नाही. ते मध्ये पडतंय असं वाटलं तर तुम्ही कुठे घाई केलीत ते त्यातून कळतं. एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटलेला असेल तर तो आधी दुरुस्त करा. जुन्या गाडीत बहुधा चाकाजवळचा सेन्सर मळलेला किंवा त्याची वायर तुटलेली निघते.

गाडीची ताकद थोडी वाढवली तर?

ब्रेक, टायर आणि कूलिंग सगळं आज आहे त्या ताकदीच्या हिशेबाने केलं आहे. ती वाढवलीत की हे सगळं पुन्हा अपुरं पडतं. तेवढ्या पैशांत आणखी एक दिवस ट्रॅकवर प्रशिक्षकाबरोबर घालवा, फेरीचा वेळ त्यानेच कमी होतो.

ट्रॅकवरून आल्यावर हँडब्रेक लावू का?

लावू नका. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता सावकाश काढा, म्हणजे डिस्क, तेल आणि कूलंट एकत्र निवतात. मग गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली ठोकळा लावा. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी दाबून धरला तर त्याचा थर तिथे चिकटतो, आणि नंतर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. बॉनेट उघडून ठेवा.

विमा मिळतो का?

नेहमीची पॉलिसी ट्रॅकवरच्या नुकसानीला लागू होईल असं धरून चालू नका. पॉलिसीतला अपवादांचा भाग वाचा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

घरीही याच गाडीने जायचं आहे. निघण्याआधी काय पाहू?

गाडी पूर्ण निवू द्या. टायरची हवा पुन्हा रस्त्याच्या आकड्यावर आणा. दिवसभर काढत गेलेली हवा थंड टायरमध्ये धोकादायक इतकी कमी भरते. पॅडची जाडी चाकाच्या फटीतून पाहा, टायरांवर हात फिरवून तुकडे निघालेत का, दोरे दिसतात का ते तपासा, गाडीखाली वाकून ताजा ओघळ शोधा. ऑइल, कूलंट, नट. मग आवारातच सावकाश एक चक्कर मारून पेडलची उंची आणि घट्टपणा पाहा. पेडल सकाळपेक्षा खाली जात असेल तर गाडी तिथेच ठेवा आणि ती उचलून न्यायची सोय करा.